दोरीखालचा वर्ग

ती खोली तुम्ही एकदाही पाहिली नाहीत. पायऱ्या उतरून तळघरात जायची तसदी घेतली नाहीत, आणि तरी तिथे वर्ग भरत नव्हता असं मालिनीबाईंकडून लिहून घेतलंत. तुमचं नाव इथे येणार नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत भाड्याच्या घरांचा कारभार बघणाऱ्या कंपन्या पुष्कळ, आणि प्रत्येकीत तुमच्यासारखा एक बसलेला असतो. टेबल स्वच्छ, आवाज मऊ आणि समोरच्याचं घर खिशात.

कागद तुम्ही सरकवलात तो बाईंच्या मुलापुढे. सही मात्र बाईंची हवी होती.

"आई, इथे कर," उत्कर्ष म्हणाला. बोट ठेवून त्यानं जागा दाखवली, अंगठा उठवणाऱ्या माणसाला दाखवतात तशी.

मालिनीबाईंनी पेनला हात लावला नाही. "काय लिहिलंय ते आधी वाचून दाखव."

"अगं, फॉर्मॅलिटी आहे. मी वाचलंय सगळं."

"तू वाचलंस. सही माझी आहे."

मालिनी सबनीस. कराडच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात घालवली. मोठ्या शिक्षिका वगैरे नव्हत्या. मुख्याध्यापक झाल्या नाहीत, कुठला पुरस्कार मिळाला नाही. उच्चार पक्के कराडचे, आणि मागच्या बाकावरची पोरं त्यांची नक्कल करायची हेही त्यांना ठाऊक होतं. पण उतारा न वाचता उत्तरं ठोकून देणाऱ्याची वही त्यांनी कधी तपासली नाही. परत पाठवायच्या. वाच, मग लिही. आता त्यांचा स्वतःचा मुलगा त्यांना न वाचता लिहायला सांगत होता.

यजमान गेले आणि उत्कर्ष त्यांना घेऊन आला. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, चौथ्या मजल्यावर घर, सून मैत्रेयी समजूतदार, नात उर्जा दुसरीत. आजी मराठीत विचारायची, नात जर्मनमध्ये उत्तर द्यायची.

"उर्जा, जेवलीस का बाळा?"

"याऽ, ओमा. शोन लांग."

"हो आजी, कधीच जेवले, म्हणतेय," मैत्रेयी स्वयंपाकघरातून सांगायची. मग मैत्रेयी ऑफिसला जायची, उर्जा शाळेत, आणि त्या घरात बाईंना कोणी काही विचारणारं उरायचं नाही. आयुष्यभर जिला माणसं प्रश्न विचारत आली, तिच्यासाठी ही शिक्षा साधी नसते. तुम्हाला ते कळायचं नाही. तुम्हाला रोज माणसं घाबरत घाबरत प्रश्न विचारतात.

इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची यंत्रं होती आणि शेजारी वाळत घालायची मोठी खोली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या. एका मंगळवारी बाई बादली घेऊन खाली गेल्या तर उपड्या टोपलीवर एक चिनी मुलगी बसलेली. मांडीवर इंग्रजी उतारा, शहरातल्या मधमाश्यांवरचा, आणि खाली प्रश्न. ती उतारा पहिल्या ओळीपासून एकेक शब्द मोबाइलमध्ये शोधत वाचत होती. खालपर्यंत पोचेतो वरचं विसरत होती.

बाईंना राहवलं नाही. "फर्स्ट रीड द क्वेश्चन," त्या म्हणाल्या. "देन द पॅसेज. यू मस्ट नो व्हॉट यू आर लुकिंग फॉर."

मुलीनं वर पाहिलं. "आर यू अ टीचर?"

"येस."

आणि ती उभी राहिली. तळघरात, एका हातात ओला मोजा, दुसऱ्या हातात उतारा, ती पोरगी ताठ उभी राहिली. निवृत्तीनंतर बाईंसाठी असं कोणी उभं राहिलं नव्हतं. बाईंनी नकळत हात खाली केला: बस. ती बसली.

तिचं नाव वेन. सिचुआनकडची. विद्यापीठातली तिची जागा इंग्रजीच्या परीक्षेवर अडकलेली होती, आणि आकलनाच्या भागात ती दोनदा आपटली होती. पुढच्या मंगळवारी तिनं एकाला बरोबर आणलं, शुक्रवारी आणखी दोघं आले. सगळे चीनचेच, याच इमारतीत वरच्या मजल्यांवर चार-चार जण मिळून राहणारे. शेवटी सहा झाले, कारण टोपल्या सहाच होत्या.

ते बाईंना 'लाओशी' म्हणत, म्हणजे शिक्षक. शिक्षकाला नावानं हाक मारायची नाही, ही त्यांच्याकडची रीत. बाईंना ते लगेच पटलं. कराडात तरी त्यांना मालिनी कोण म्हणत होतं?

खरं सांगायचं तर ही पोरं बाईंपाशी का टिकली याचं कारण साधं होतं. इंग्रजीतलं 'अ' आणि 'द' आपल्या भाषेत नाही, त्यांच्याही भाषेत नाही. जन्मानं इंग्रजी बोलणाऱ्याला हा खड्डा दिसतच नाही, तो त्यात कधी पडलेलाच नसतो. बाई पडल्या होत्या. म्हणून त्या दोरीकडे बोट दाखवायच्या. तिथे पुष्कळ मोजे आहेत, त्यातला कुठलाही एक, 'अ सॉक'. आता हा सहांतल्या हाओरानचा, अंगठ्याला भोक पडलेला, सगळ्यांना माहीत असलेला. 'द सॉक'.

"लाओशी, माझी बेअब्रू कशाला?" हाओरान इंग्रजीत म्हणायचा. तो सगळ्यांत खोडकर. एकदा सांगत आला, "प्रोफेसरांनी विचारलं, तुझं इंग्रजी अचानक वेगळंच कसं वाटायला लागलं, कुठे शिकतोस? मी म्हटलं, कराड युनिव्हर्सिटी, बेसमेंट कॅम्पस."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

उतारा आधी सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचायचा, ही बाईंची पद्धत. इथे कोणी हसेल अशी त्यांना धास्ती होती. पण वेन म्हणाली, आमच्या शाळेत हिवाळ्यात पहाटे पटांगणात उभं राहून असंच वाचायचो, तोंडातून वाफ निघायची. मग काय, सहा आवाज आणि सातवा बाईंचा. वर ओल्या चादरी टपकत होत्या आणि खाली मधमाश्या, नद्या, जुने पूल, एकेक उतारा सरत होता.

त्यानंतर बाईंनी ती चूक केली. चूक म्हणजे काय, आपल्याकडे शिकवण्या घेणारा कुठलाही शिक्षक जे करेल तेच. त्यांनी बोर्ड लावला.

खाऊच्या खोक्याचा पुठ्ठा, उर्जाचे रंगीत पेन. खाली पत्रपेट्यांच्या शेजारी, सायकली लावतात त्या दाराजवळ, इंग्रजीत: सबनीस मॅडम्स इंग्लिश क्लासेस. ग्रामर अँड कॉम्प्रिहेन्शन. बॅच, मंगळवार-शुक्रवार. लिमिटेड सीट्स.

मैत्रेयीला ऑफिसातून येताना तो दिसला. "आई, लिमिटेड सीट्स?"

"मग? टोपल्या सहाच आहेत."

"अहो पण, पैसे घेत नाही हे तरी लिहायचं ना."

"फुकट लिहिलं की पोरं वही न घेता येतात," बाई म्हणाल्या. "शिकण्याला किंमत वाटली पाहिजे."

मैत्रेयी हसली आणि वर गेली. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तीही कोथरूडच्या क्लासांमधूनच वाढलेली.

दोन आठवड्यांनी उत्कर्ष हातात पत्र घेऊन घरात शिरला. बूटही काढले नाहीत.

"आई, हा बोर्ड तू लावलास?"

"हो. का रे? अक्षर नीट नाही आलं?"

"आबमानुंग आलंय! ताकीद. भाड्याच्या इमारतीत धंदा चालवतो म्हणून. आणखी एकदा झालं तर करार रद्द." तो खुर्चीत बसला. "घरासाठी किती वणवण केली आम्ही, तुला कल्पना नाहीये. उर्जाची शाळा इथे आहे."

"धंदा कसला? मी एक पैसा घेत नाही."

"ते बोर्डावर कुठे लिहिलंय?"

बाई उठल्या. बोर्ड त्यांनी स्वतः जाऊन काढला. पुठ्ठा टाकला नाही, कपाटामागे ठेवला.

आणि मग तुमचं कार्यालय. उत्कर्षनं तुम्हाला जर्मनमध्ये सगळं समजावलं. तुम्ही ऐकलंत, मान हलवलीत. मुलाच्या बोलण्यात बाईंना दोन शब्द कळले. 'हॉबी' कळला, तो सगळीकडे सारखाच. आणि 'काइने लेअररिन' कळलं, कारण 'लेअररिन' म्हणजे शिक्षिका हे वेननंच त्यांना शिकवलं होतं, आणि 'काइने' म्हणजे नाही हे दुकानात रोज ऐकू येतं.

शिक्षिका नाही. मुलगा सांगत होता, माझी आई शिक्षिका नाही. बाकीचं त्यांनी ताडलं: म्हातारी आहे, वेळ जात नाही, शेजारची मुलं गप्पा मारायला येतात.

"एक्स्क्यूज मी," बाई तुम्हाला म्हणाल्या. "आय स्पीक इंग्लिश. यू कॅन आस्क मी."

तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. टेलिफोनवर त्याआधी पाच मिनिटं तेच बोलत होतात. पण तुम्ही उत्कर्षकडे पाहिलंत आणि त्याच्याशीच पुढे बोललात. मग कागद आला.

"वाच," बाई पुन्हा म्हणाल्या.

उत्कर्षनं खालच्या आवाजात वाचलं. "सदर तळघरात कोणताही वर्ग वा शिकवणी घेतली गेलेली नाही आणि घेतली जाणार नाही. तिथे जमणारे लोक कपडे धुण्यासाठी आलेले रहिवासी होते."

"घेणार नाही, हे लिहून देते. घेतली नाही, हे खोटं आहे."

"आई, प्लीज. वर्ग भरला म्हटलं तर नियम मोडला, आणि नियम मोडला तर ते घराच्या मागे लागणार. भरलाच नाही म्हटलं की फाइल बंद. त्यांनाही तेच हवंय."

"आणि तुला?"

उत्कर्षनं पेन त्यांच्याजवळ सरकवलं. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत.

बाईंनी पेन उचललं. मालिनी वसंत सबनीस, अशी पूर्ण सही केली. हात थांबला नाही. आयुष्यभराच्या सवयीनं सहीखाली आणखी अक्षरं उमटली: एम. ए., बी. एड. तुम्ही ती पाहिलीत. खोडायला सांगावं का, असा विचार तुमच्या चेहऱ्यावरून गेला. मग तुम्ही कागद ओढून घेतलात आणि शिक्का मारलात.

ट्राममध्ये मायलेक शेजारी बसले.

"मला हॉबी म्हणालास," बाई म्हणाल्या.

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"काही नाही. आपलं स्टेशन आलं का बघ."

"आई, घर गेलं असतं."

"माहीत आहे. म्हणून तर सही केली."

रात्री मैत्रेयीनं नवऱ्याला फैलावर घेतलं. भिंतीपलीकडून बाईंना ऐकू येत होतं. त्यांना मुलाचा राग आला नव्हता, हे खरं दुखणं होतं. राग आला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वेन जिन्यात भेटली. तिला सगळं कळलं होतं, ताकीद काय, सहीचा कागद काय, इमारतीत लपत नाही. परीक्षा आठवड्यावर आलेली. ती इंग्रजीत म्हणाली, "लाओशी, बागेत बसू. मागे बाकं आहेत. नाहीतर ग्रंथालयात. तिथे ते काही करू शकत नाहीत."

बाईंनी मान हलवली. नाही. वेनला वाटलं त्या घाबरल्या. ते तसं नव्हतं. ज्या हातानं खोटं लिहून दिलं, त्या हातानं दुसऱ्याच्या वहीत चूक-बरोबर कसं करायचं? हे इंग्रजीत कसं सांगावं ते बाईंना सुचलं नाही. मराठीतही सुचलं नसतं. त्या इतकंच म्हणाल्या, "प्रश्न आधी वाच. विसरू नकोस."

शुक्रवारी बाई कपडे घेऊन तळघरात गेल्या. वेळ मुद्दाम टाळली नव्हती, मुद्दाम साधलीही नव्हती. दार उघडलं तर सहाही जण आत. प्रत्येकाची टोपली कपड्यांनी भरलेली. दोऱ्यांवर चादरी, सदरे, मोजे. बाईंनी जवळच्या सदऱ्याला हात लावला. कोरडा होता. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. पोरांनी कपाटातले धुतलेले कपडे आणून वाळत घातले होते. कोणी विचारलं तर सांगता यावं की आम्ही रहिवासी, कपड्यांसाठी आलोय. तुमच्या कागदात लिहिलं होतं तसंच. शब्दाला शब्द.

बाई आत आल्या तशी ती सहाही जणं ताठ उभी राहिली. हाओरानसुद्धा.

बाईंनी नेहमीसारखा हात खाली केला: बसा.

बसायला जागा नव्हती. टोपल्या भरलेल्या होत्या.

मग त्या वेनच्या चादरीपाशी गेल्या, एक टोक धरलं. दुसरं वेननं धरलं. दोघींनी ती ताणली, मधून दुमडली, जवळ आल्या, पुन्हा लांब झाल्या. वेनचे ओठ हलत होते. कुठला तरी उतारा ती मनात म्हणत होती. बाईंनी घडी तिच्या टोपलीत ठेवली, वरून हात फिरवला, आपली बादली उचलली आणि त्या वर निघून गेल्या. दार लागेपर्यंत मागे कोणी हललं नाही.

आता तुमची पाळी. उतारा वर दिलेला आहे, सगळा वाचायची गरज नाही, फक्त प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. तुमच्याकडे शिक्का मारलेला कागद आहे की त्या खोलीत वर्ग कधी भरलाच नाही. मग कोरड्या कपड्यांच्या दोरीखाली सहा शिकलेली माणसं कोणासाठी उभी राहिली होती? हो किंवा नाही चालणार नाही. स्वतःच्या शब्दांत, पूर्ण वाक्यात उत्तर द्या.