सात घरांची एक तार

मी बोलतोय, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा जुना फोन. ओकच्या लाकडाची पेटी, डोक्यावर दोन घंट्या, कुशीला फिरवायची मूठ. माझा सारा जन्म अमेरिकेतल्या नेब्रास्कात, अल्विना क्राउझच्या घरी गेला. माणसांनी मला बोलण्यासाठी घडवलं, पण खरं सांगू का, अल्विनानं मला वापरलं ते ऐकायलाच!

आमच्या रस्त्यावर सात घरांत मिळून एकच तार; कुणाचाही फोन आला की घंटा सातही घरांत वाजायची. अल्विनाची खूण म्हणजे दोन लांब घंटा, एक आखूड. पण ही बाई शेजाऱ्यांच्या खुणेलाही धावायची. हात पिठाचे असोत नाहीतर साबणाचे, अलगद रिसीव्हर उचलायची आणि श्वास ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या तोंडावर फडकं दाबायची. मी गुदमरून जायचो. नवरा म्हणायचा, "अगं, निदान जेवताना तरी कानाला सुट्टी दे!"

एकोणीसशे त्रेपन्न साली मात्र घात झाला. आमच्याच तारेवरच्या, शाळेत शिकवणाऱ्या लोफ्ग्रेनबाईंनी भूगोलाच्या तासासाठी ग्रंथालयाकडून रशियावरचं पुस्तक मागवलं, तेही फोनवरून. अल्विनानं ते ऐकलं आणि चर्चच्या जेवणात सहज बोलून गेली. ते दिवस असे, की रशियाचं नाव काढलं तरी लोक दचकायचे. भूगोल वाटेतच गळाला आणि आठवड्याभरात बाई कम्युनिस्ट ठरल्या.

शनिवारी दुपारी बाईंची खूण वाजली. शाळा समितीचे अध्यक्ष ऑर्व्हिल टिबेट्स आपल्या धान्याच्या दुकानातून बोलत होते.

"बाई, संध्याकाळपर्यंत राजीनामा द्या. नाहीतर सोमवारी आम्ही काढून टाकू, मग कुठलीच शाळा तुम्हाला दारात उभं करणार नाही."

"पण मी केलं तरी काय?"

"जोरात बोला हो, आवाज फार बारीक येतोय!"

बारीक येणारच! जितके रिसीव्हर उचलावेत तितका आवाज खाली जातो, आणि त्या दिवशी सगळा रस्ता कान लावून बसला होता.

अल्विनानं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. बाईंच्या नोकरीवर त्यांची म्हातारी आईही जगत होती. पण तोंड उघडलं की बारा वर्षांची चोरी चव्हाट्यावर येणार! मी मनात म्हणत होतो, बोल गं बाई, एकदा तरी बोल. तिनं माझ्या तोंडावरचं फडकं काढलं.

"ऑर्व्हिल, मी अल्विना. ते पुस्तक भूगोलाचं आहे, मी माझ्या कानांनी ऐकलंय. कंडी पिकली ती माझ्यामुळेच."

"तू चोरून ऐकत होतीस? लाज नाही वाटत?"

"वाटते ना! पण बारा वर्षांत बाईंच्या तोंडून वावगा शब्द निघालेला नाही. शपथेवर सांगते."

"तुझ्या एकटीच्या शब्दावर मी समितीला काय सांगू?"

"मीपण ऐकलंय," शेजारचा म्हातारा एमिल ह्रुष्का खाकरला. "भूगोलाचंच पुस्तक."

"आणि मीही, ऑर्व्हिल!" हा आवाज थेट टिबेट्सच्या घरातून आला. त्याची बायको होती. "मुकाट्यानं बाईंची माफी माग. का समितीपुढे सगळी घरं उभी करू?"

मग टिबेट्स पुटपुटला, "माफ करा, बाई. सोमवारी शाळा नेहमीच्या वेळेला."

हुश्श! माझ्या जिवात जीव आला. एकेक रिसीव्हर खाली गेला, तसा आवाज मोकळा झाला. अल्विना मात्र स्टुलावर बसून रडत होती.

"बाई, मला क्षमा करा. इतकी वर्षं मी तुमचं..."

"अहो, मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं," बाई रडत रडतच हसल्या. "श्वास झाकता, पण तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक कशी झाकणार? बहिणीला केकची कृती मी दोन-दोनदा कुणासाठी सांगायचे, असं वाटलं तुम्हाला?"

आता घरोघरी स्वतंत्र फोन आलेत आणि माझी तार कापलेली आहे. अल्विना माझ्याखालीच खुर्ची टाकून नव्या फोनवरून रोज बाईंशी बोलते. कुणाची गुपितं पोटात ठेवायची नाहीत, किती हलकं वाटतं! एकच मागणं आहे. शोभेसाठी म्हणा नाहीतर दयेपोटी म्हणा, पण मला या भिंतीवरून काढू नका. इथून दोघींचं सगळं ऐकू येतं.