नोंदवहीची उणीदुणी

मी एक जुनी नोंदवही आहे. रद्दी नव्हे, हा फरक आधी ध्यानात घ्या, मित्रांनो, आणि मगच पुढे ऐका.

माझा पुठ्ठा कापडी आणि शिवण दुहेरी आहे. ध्रुवाजवळच्या एका वेधशाळेत मी बावीस वर्षे चाकरी केली. रोज सकाळी अंगणातून एक फुगा आकाशात सुटे आणि वीस किलोमीटर उंचीवरची थंडी मोजे. निरीक्षिका बाई ती माझ्या डाव्या रकान्यात लिहीत. उजव्या रकान्यात ओझोनचा आकडा; उन्हातले घातक किरण अडवणारे पृथ्वीचे पांघरूण किती उरले, ते त्यावरून कळे. पाहुणे आले की मला मुद्दाम उघडून दाखवले जाई. पुढे संगणक आला. माझे आकडे त्यात उतरवले गेले आणि मी एका खोक्यात, मोडक्या हीटरशेजारी जाऊन पडले.

आता बाईंच्या खुर्चीत त्यांची भाची बसते. या वसंतात ओझोन घसरत १३१ वर आला. इतका नीचांक संगणकात कुठेच नव्हता. तिचा चेहरा उतरला. ओझोन खाणारे वायू पूर्वी फ्रिजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत असत. ते जगाने बंद करावेत, म्हणून तिच्या आत्याने उमेदीची वर्षे वेचली होती. बंदी आली खरी, पण तो उपाय फसला, असा अहवाल भाचीला दुपारी पाठवायचा होता. तिने फोन लावला.

"आत्या, तुझी मेहनत पाण्यात गेली गं."

"रडतेस काय? वर थंडी किती आहे?"

"उणे अठ्ठ्याऐंशी."

"मग? एवढ्या थंडीत तिथे विरळ ढग धरतात. त्यांच्यावर हवेत अजून उरलेला तो जुना वायू जागा होतो आणि ऊन आलं की ओझोन खातो. थंडी जितकी कडक, तितकी त्याची भूक मोठी. माझ्या नोकरीच्या नवव्या वर्षी अशीच थंडी होती. ते वर्ष काढ."

"ते संगणकात नाहीच!"

"वहीत आहे. खोक्यात बघ."

मला झटकून उघडण्यात आले. त्या वर्षीच्या डाव्या रकान्यात नुसते ८७, ८८, ८८.

"आत्या, उणे चिन्हं कुठायत?"

"अगं, त्या हिवाळ्यात हीटर बंद पडला होता. बोटं काकडलेली. आणि तिथे अधिक कधी असतं का?"

संगणकाने ती अठ्ठ्याऐंशी अंशांची उष्णता समजून, अशक्य म्हणून, अख्खे वर्ष वगळले होते! भाचीचे बोट उजव्या रकान्यावर गेले. १०२. थंडी तेवढीच, पण तेव्हा १०२, आज १३१. म्हणजे वायू ओसरत होता. तिने माझ्यावरच डोके टेकले आणि मोठा श्वास सोडला.

"आत्या, नाही गेली पाण्यात!"

"मला ठाऊक होतं. अहवाल नीट लिही. चिन्हं विसरू नकोस."

"कोण सांगतंय बघा!"

अहवाल गेल्यावर तिने पेन्सिलीने त्या वर्षीच्या एकेका आकड्याआधी उणे चिन्ह घातले. माझी इतकी उणीदुणी आजवर कोणी काढली नव्हती, आणि इतके हलके मला कधी वाटले नव्हते.

मित्रांनो, आकडे यंत्रात भरले म्हणून जुनी वही टाकू नका. ते पांघरूण अजून पुरते भरून आलेले नाही. तोवर मी वरच्या फळीवर बसले आहे. मला पाहायला जरूर या. मात्र हात धुऊन या.