दोन्हीकडं पाय

"दोन्हीकडं पाय टाकून बसा, आत्या. एका अंगाला बसवून मी हायवेला नेत न्हाई," सत्यशीला, माझी सून, म्हणाली.

माझं डोस्कंच फिरलं. सत्तर वर्षांची मी, आन् भर निलंग्याच्या चौकात गड्यावानी बसू? पर लातूरच्या दवाखान्यात माझ्या धाकट्या बहिणीला, भामाला, चार वाजता काळजाच्या ऑपरेशनला नेणार होते. एसटी डोळ्यांदेखत गेली, दुसरी दीड तासानं. पोरगं नांदेडला कामावर. राहिली ही सून आन् तिची शंभर सीसीची गाडी.

आन् मला भामाला गाठायचंच होतं. नऊ वर्षांची असताना ती बाच्या घोडीवर अशीच बसायची, दोन्हीकडं पाय टाकून. मीच चुगली केली. बानं तिला चाबकानं फोडून काढली. परत ती घोडीला शिवली न्हाई. साठ वर्षं झाली, "माझं चुकलं" एवढं माझ्या तोंडातून निघालं न्हाई.

"कासोटा काय शोभेला घातलाव का?" म्हणत सुनेनं माझ्या डोक्यावर हेल्मेट दाबलं. लाज गिळली आन् बसले.

बाई बाई, केवढा तो रस्ता! डोळ्यांत मावंना. आमची गाडी एवढीशी, आन् शेजारून जाणारे ट्रक म्हंजे चालती घरं. सून डावी कड सोडीना, पन्नासाच्या वर जाईना.

"अगं पळीव की!" मी वरडले.

"पळवलं तर भामामावशीच आपल्याला बघाया येतील."

औशापाशी वळायचं होतं, तर दुभाजकातला कट किलोमीटरभर पुढं. "उलटं घाल की, सगळेच जातेत," म्हणलं.

"सगळ्यांच्या घरी हार घातलेले फोटोबी हायत, आत्या."

गेली पुढं आन् वळून आली. मी आपली कुढत राहिले.

मग एकदम म्हणाली, "घट्ट धरा." मला काईच ऐकू आलं नव्हतं, हिनं आरशात बघितलं होतं. मागून आलेला टँकर अगदी शेजारून गेला. वाऱ्यानं आधी भाईर ढकललं, मग आत वढलं. माझे गुडघे आपसूक गाडीला आवळले. एका अंगाला बसले असते तर लुगड्यासकट डांबरावर गेले असते. सून मात्र जागची हलली न्हाई. धन्य गं माय तुझी! हात जोडावं वाटलं, पर हात सोडायची सोय नव्हती.

टँकर गेला आन् वारं मोकळं अंगावर आलं. एवढं मोठं आभाळ, आन् त्याच्या मधोमध मी! भामाला हेच मिळत होतं. तेच मी हिसकलं. हेल्मेटच्या आत मी लई रडले.

पोचलो तवा चाराला दहा कमी. भामा स्ट्रेचरवर. माझ्या हातात हेल्मेट बघून म्हणाली, "हे काय गं, आक्का?"

"निलंग्यापासून दोन्हीकडं पाय टाकून आले, भामे. तुझ्यावानी." मग निघालंच तोंडातून, "माझं चुकलं गं."

तिनं हात लांब करून हेल्मेट घेतलं आन् पोटावर धरलं. नर्स म्हणाली, "आजी, हे आत चालत नाही."

भामानं ते सुनेच्या हातात दिलं. "जपून ठेव, पोरी. भाईर आल्यावर मला लागंल."