तेरा मिनिटं

रक्तपेढीतला कॉम्प्युटर हटून बसला होता. ऑपरेशन थिएटरमधून तिसऱ्यांदा फोन आला, तरी तो रक्ताची पिशवी सोडेना. स्क्रीनवर एकच लाल ओळ होती: ‘तपासणीची वेळ अजून झालेली नाही.’

“अहो, दहा मिनिटांपूर्वीच तपासलीय!” प्रमुख बाई कडाडल्या. “कुणाचा हा हलगर्जीपणा? मला नाव हवंय!”

दुरुस्तीला बोलावलेल्या कॉम्प्युटरवालीची बोटं चालत होती. काळ्या स्क्रीनवर तिने कमांड टाइप केली. उत्तर आलं: घड्याळ तेरा मिनिटं मागे.

“मेल्या, म्हणून लॅबच्या घड्याळातली तपासणीची वेळ तुला अजून यायचीय असं वाटतंय होय!” ती पुटपुटली. दुसऱ्या कमांडने तिने घड्याळ मुख्य सर्व्हरशी जुळवलं, तिसरीने अडकलेला प्रोग्राम पुन्हा सुरू केला. लाल ओळ गेली. नर्स पिशवी घेऊन धावत सुटली.

“नाव?” बाईंनी टेबलावर हात आपटला.

नोंदी समोरच होत्या. सकाळी नऊ बाराला कुणीतरी घड्याळ हाताने मागे केलं होतं आणि लगेच याच कॉम्प्युटरवर नऊच्या आतली, आठ एकोणसाठची हजेरी लावली होती. हजेरीपुढे नावही होतं.

तिने स्क्रीन बाईंकडे फिरवला. “मी वाचू, की तुम्हीच वाचता?”