काढून टाकलेले पाचवे कलम

मी एक जुनी अट आहे, मित्रांनो. दस्तात मला कलम पाचवे म्हणतात. नागपूरच्या कचेरीबाहेर टेबल मांडून दस्त लिहिणाऱ्या नत्थूजींनी मला घडवले: 'जर घर घेणाऱ्याने देणाऱ्याचा मरेपर्यंत सांभाळ केला नाही, तर हे बक्षीसपत्र रद्द करता येईल.'

शाळेत तुम्हाला माझी ओळख वेगळी करून देतात. 'जर'ने सुरू होणारे गौण वाक्य. एकटे उभे राहू शकत नाही, मुख्य वाक्याला टेकून असते. गुण मिळवायला ठीक आहे. पण 'मी माझे घर मुलाला देते' हे मुख्य वाक्य ऐटीत पुढे चालते तेव्हा त्याचा लगाम माझ्या हातात असतो, हे तुम्हाला कोण सांगणार?

पहिली काही वर्षे माझे कौतुक झाले. रुपराव नावाचे म्हातारे माझ्यावर बोट ठेवून म्हणाले होते, "हे आहे म्हणून मले झोप लागन."

मग लोकांना माझी लाज वाटू लागली. रीतच पडली. सगेसोयरे टेबलाभोवती उभे, दस्त मोठ्याने वाचायचा आणि माझ्यापाशी आले की मुलगा मोबाइलमध्ये बघतो, सून पदर सावरते आणि आईबाप स्वतःच म्हणतात, हे काढा.

गोपिकाबाईही तशाच. नवरा कोराडीच्या वीज केंद्रात राख खात निवृत्त झाला. त्याच्या कमाईतून मनीषनगरात दोन खोल्या उभ्या राहिल्या. तो गेल्यावर बाई त्या एकुलत्या अमोलच्या नावे करायला आल्या. नत्थूजींनी समजावले, राहू द्या, कोणाचे काय बिघडते? अमोल आईकडे पाहून नुसता हसला. त्या हसण्यानेच घात केला.

"मायनं लेकाले अट घालाव काय गा भाऊ? लोक थुंकतीन माह्यावर. काढा ते."

नत्थूजींनी संगणकाचे बटण दाबले. मी गेले. अमोलने सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली.

दिवाळीनंतर आईची खाट जिन्याखाली आली. उन्हाळ्यात अमोल म्हणाला, कोराडीला मावशीकडे राहून ये थोडे दिवस. बाई परत आल्या तर किल्ली लागेना. कुलूप बदलले होते. आत टीव्ही चालू होता.

बाई म्हाताऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रांतसाहेबांपुढे गेल्या. घर परत द्या म्हणाल्या. साहेबांनी दस्त चाळला, पुन्हा चाळला. ते मला शोधत होते, मित्रांनो! चौथ्या कलमानंतर थेट सह्या. पोटगी मिळेल, म्हणाले, घराचे अवघड आहे.

बाई तशाच नत्थूजींकडे आल्या. "भाऊ, ते पाचवं घालून द्या ना आता आत. खाली जागा आहे, मी पाह्यली."

नत्थूजींनी चष्मा काढला. नोंदणी झालेल्या कागदात आता एक काना घालता येत नाही, हे सांगताना त्यांना दोनदा खोकावे लागले. आणि मी? मी त्यांच्या संगणकातल्या कोऱ्या मसुद्यात होते. धडधाकट आणि निरुपयोगी. बाई बाकावर बसून राहिल्या. कोराडीच्या बहिणीच्या सुनेनेही आता तोंड वाकडे केले होते. उठून जायचे कुठे?

तेवढ्यात देवराव नावाचे गृहस्थ मुलाला घेऊन आले. दस्त वाचला गेला. माझ्यापाशी आवाज थांबला. "नत्थूजी, हे एक काढून टाका," देवराव हळूच म्हणाले. मुलगा हसला. तसाच.

नत्थूजींचे बोट बटणावर गेले. बाई उठल्या आणि त्यांनी तो हात धरला.

"तुम्ही कोण वं बाई?" देवराव चिडले.

"मी कोणी नाही," बाई म्हणाल्या. "माह्या कागदातून हेच काढलं होतं."

मित्रांनो, मी अजून पडद्यावर आहे. बोट बटणावर आहे आणि बाईंचा हात त्या बोटावर. उद्या तुमच्या घरचा कागद होईल, तेव्हा टेबलाशी तुम्ही उभे असाल. हसू नका. आईबापांच्या आधी तुम्हीच म्हणा, राहू द्या. ज्याला सांभाळायचेच आहे, त्याचे मी काय वाकडे करणार?