एकटाच कोरडा

"अजून एक बादली ओत," अण्णा म्हणाले.

बाथरूममध्ये ते स्टुलावर बसले होते. अंगात नवंकोरं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट आणि दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे.

"शेजारच्यांनी बघितलं तर म्हणतील, यांचं डोकं फिरलं," बायको म्हणाली.

"खांद्यावर नको, मांडीत ओत. गाडीवर बसलं की पाणी मांडीत साचतं. दगा तिथंच होतो."

बावीस वर्षं अण्णा लॅबसाठी घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढून आणत होते. लोक रात्रीपासून उपाशी असायचे, त्यामुळे उजाडायच्या आत मोटरसायकलला किक मारावी लागे. पाऊस असो, वारा असो. लॅबची अशी चाळीस माणसं होती आणि प्रत्येकाचा रेनकोट कुठेतरी फाटलेला. यंदा पहिल्यांदाच सगळ्यांना जॅकेट मिळणार होतं, आणि निवड अण्णांवर सोपवली होती लंबूने.

लंबू आता वरच्या मजल्यावरचा मॅनेजर. बाकीच्यांचा साहेब, अण्णांचा मात्र लंबूच. दोघं एकाच आठवड्यात कामाला लागले होते. पहिली दोन वर्षं दोघांत मिळून एकच गाडी. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे नमुन्यांची पेटी पोटाशी धरून बसायचं. लंबूचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर अण्णांनी त्याची फेरी स्वतःच्या फेरीला जोडून घेतली होती. पुढे लंबू परीक्षा देऊन वर गेला आणि अण्णा खालीच राहिले. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं.

"तू पास करशील तेच घ्यायचं," लंबू म्हणाला होता. "पोरांचा माझ्यावर नाही, तुझ्यावर भरवसा आहे."

म्हणून हा खटाटोप. शर्टावर सात ठिकाणी कापसाचे बोळे चिकटपट्टीने लावायचे, वर जॅकेट घालायचं, पाच बादल्या अंगावर घ्यायच्या आणि मग कुठला बोळा भिजला ते बघायचं. पहिलं जॅकेट दुसऱ्या बादलीलाच चेनमधून गळलं. दुसऱ्यात पाणी शिरलं नाही, पण घाम इतका आला की भिजायचं ते भिजलंच. तिसऱ्याच्या प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली होती, चेनवर दुहेरी झाप होती आणि मनगटाला आवळायला पट्टे होते. सातही बोळे कोरडे निघाले.

"पास!" अण्णा बाथरूममधूनच ओरडले.

"सुटले बाई," बायको बादली पालथी घालत म्हणाली. "चाळीस जणांची आंघोळ एकट्याने केलीत."

दुसऱ्या दिवशी लंबूने कागद पुढे केला. "इथं सही कर. उद्या कुणी बोट दाखवायला नको." त्याने बोट ठेवलं तिथं अण्णांनी सही केली. लंबूने दिलेला कागद वाचायचा असतो, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

जॅकेटं आली. रंग तोच, छातीवरचं नाव तेच. पहिलं जॅकेट लंबूने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने अण्णांच्या अंगात घातलं. टाळ्या झाल्या.

दहाएक दिवसांनी पाऊस आला, तो थांबेचना. अण्णा सकाळभर त्यात फिरले आणि शर्टाची बाहीसुद्धा ओली झाली नाही. गाडीवर ते चक्क शीळ घालत होते. लॅबच्या खालच्या खोलीत शिरले तेव्हा पोरं शर्ट पिळत होती. त्या चाळीस जणांतलीच ताई कोपऱ्यात बसली होती. तिला बाळंतपणाच्या रजेवरून येऊन जेमतेम महिना झाला होता. तिचे दात वाजत होते.

"काका, हे कसलं निवडलंत हो?"

अण्णांना आधी थट्टाच वाटली. त्यांनी ताईचं जॅकेट उलटं करून खिडकीपाशी धरलं. शिवणीवर पट्टी नव्हती, सुईच्या भोकाभोकांतून उजेड येत होता. चेनवर झाप एकच. मग त्यांनी आपलं काढून उलटं केलं. पट्ट्या जागच्या जागी होत्या.

मागून एकाने विचारलं, "तुमचं का गळत नाही, काका?"

अण्णा जिना चढून वर गेले. लंबू फाईल बघत होता.

"लंबू, चाळीसात एकच खरं आहे. माझं."

"आधी दार लाव."

अण्णांनी दार लावलं नाही.

"अरे, वरून खर्च कमी करायला सांगितलं," लंबू हळू आवाजात म्हणाला. "तू पास केलेलं जॅकेट ज्याचं, तोच माणूस हलका मालही शिवतो. दिसायला काही फरक आहे का?"

"मी पास केलं ते हे नव्हतं."

"कागदावर हाच माल आहे. खाली तुझी सही आहे."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास!" लंबू कंटाळल्यासारखा हसला. "तुला अस्सल दिलंय ना? मुद्दाम बाजूला काढून ठेवलं तुझ्यासाठी. दोस्ती विसरलो का मी?"

अण्णा भिजले असते तर त्यांनी त्याच दिवशी लॅब डोक्यावर घेतली असती. कोरड्या माणसाला काय कळणार? आणि कळलं तरी तो कोणत्या तोंडाने बोलणार? लंबूला ते पक्कं ठाऊक होतं. इतकं आतलं माहीत असायला बावीस वर्षांची मैत्रीच लागते.

"येतो, साहेब," अण्णा म्हणाले.

लंबूने चमकून वर बघितलं, पण तोवर ते वळले होते.

खाली येऊन त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. सही माझीच, पण न वाचता केलेली. काहींनी मान डोलावली. एकजण मात्र बोललाच, "नळीवरचं नाव तीनतीनदा वाचून घेणारे तुम्ही, आणि कागद न वाचता सही केलीत?"

ताईला ताप भरला, ती चार दिवस आली नाही. अण्णांनी मुख्य ऑफिसला पत्र लिहिलं, माझी सही मागे घेतो म्हणून. ते चौकशीसाठी लंबूच्याच टेबलावर आलं आणि तिथंच राहिलं.

ताई परतली तेव्हा अण्णांनी आपलं जॅकेट घडी घालून तिच्यापुढे धरलं.

"घे. अजून दोन महिने पाऊस आहे."

तिने ते हातातसुद्धा घेतलं नाही. "नको काका. तुमच्या मापाचं आहे ते." रागाने नव्हे, अगदी सहज म्हणाली. राग परवडला असता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी गठ्ठ्यातलं एक उरलेलं जॅकेट घातलं. पहिल्याच चौकात पाणी मांडीत उतरलं, मग पाठीत. पेटी मात्र त्यांनी प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळली होती.

पहिल्या घरी एक म्हातारी उपाशीपोटी वाट बघत होती. "अगोबाई, किती भिजलात! आत या ना."

"फरशी ओली होईल," म्हणत अण्णा दारातच थांबले. मग तिने टॉवेल दिला तेव्हा आत आले. डोकं पुसायच्या आधी त्यांनी हात कोरडे केले, एक एक बोट. हातमोजे चढवले, तिचा दंड बांधला आणि शीर शोधायला बोट टेकवलं.

"हात गार लागेल आजी," ते म्हणाले. "जरा सोसून घ्या."