खालून पाहिलेला पूल

"फोड गं बांध!" जोतीरामने डोंगराकडे बघून हाक मारली. वर झऱ्यापाशी बयाबाईने, त्याच्या बायकोने, कुदळ उचलली.

त्र्याहत्तरचा मे होता. वाडीची विहीर होळीलाच आटली होती. बाकीचे मेंढके कळप घेऊन कृष्णाकाठी गेले. झऱ्याचं पाणी खाली आणतो, या जोतीरामच्या शब्दावर एकटा दादासो मागे राहिला. आता त्याच्या मेंढरांत ना तेवढं चालायचं बळ उरलं होतं, ना डोंगर चढायचं.

जोतीराम दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेलेला शिपाई. रोमबाहेर त्याने कमानींवरून पाणी नेणारा पूल पाहिला होता. बादशहांच्या काळातला, चिऱ्यावर चिरा, मध्ये चुना नाही, तरी उभा. शेताची ताल, म्हणजे दगडी बांध, रचावी तसे दगड रचून त्याने ओघळीत खांब उभारले, वर दगडी पाट बसवला. उतार परातीत पाणी ठेवून तपासला. तो बरोबर होता.

"आलं रं, आलं!" दादासो ओरडला.

पाचोळा ढकलत गढूळ पाणी पुलावर चढलं. मेंढरांनी माना वर केल्या. पण एकेका सांध्यापाशी दगड काळे पडत गेले, खाली थेंब गळू लागले. पुलाच्या मध्यावर पाणी थांबलं. मागून आलेलंही तिथंच जिरलं.

"सांदी लिंपल्या न्हाईस व्हय?" दादासोने विचारलं.

"लिंपल्या हुत्या. उन्हानं माती तडकली."

"मग तुज्या रोमात कशानं लिंपलं हुतं?"

जोतीरामने सांध्यातली तडकलेली माती बोटाने उकरली. मग म्हणाला, "म्हाईत न्हाई."

"बघितलंस म्हणालास न्हवं?"

"खालनं बघितलं गड्या. चालत्या ट्रकातनं. वर चढून पाट बघाय कोण देतंय?"

"खालनं!" दादासो हसला, पण त्याचा आवाज फाटला. "लय मोठा इंजनेर! माजी मेंढरं मारलीस की रं."

मेंढरं पुलाखाली घुसली होती. थेंब वाळूत पडायच्या आधी जिभेवर घ्यायला एकमेकांना रेटत होती. एक म्हातारी मेंढी बाहेरच बसून राहिली.

"पोचलं का वो?" वरून बयाबाईने विचारलं. साठवलेलं सगळं पाणी तिने सोडलं होतं.

जोतीरामने डोक्याचा पटका सोडला, गळत्या सांध्याला लावून भिजवला आणि त्या मेंढीच्या तोंडात पिळला. पाणी ओठांवरून मातीत गेलं. तिने गिळलं नाही.

दादासो तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. जोतीरामने पटका पुन्हा सांध्याला लावला.